उन्हाळी पोशाखाचं गिरगावी शास्त्र

१९५०च्या दशकात गिरगावच्या चाळींनी उन्हाळी पोशाखाचं जे शास्त्र सिद्ध केलं, त्याला तोड नाही. घामाशी लढायचं तर अंगावर कापड कमी, हा मूळ सिद्धांत. त्यानुसार कचेरीतून आल्याबरोबर कुटुंबप्रमुखांचा कोट खुंटीला, आणि स्वतः ते गंजीफ्रॉक व पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात गॅलरीतल्या आरामखुर्चीवर स्थानापन्न. मुलांना नाडीची अर्धी चड्डी पुरे. फारच लहान असेल तर नुसता करगोटा. मुलीचा फ्रॉक लेंग्याच्याच उरलेल्या कापडातला, म्हणजे घराणं दुरून ओळखू यावं.

सिद्धांताला अपवाद लागतोच. तो नऊवारी नेसून शेगडीसमोर बसे. यात तर्कदोष अजिबात नाही: बाकीच्यांनी सोडलेलं कापड कुणीतरी अंगावर घ्यायला नको? शिवाय घाम पुसायला, गरम पातेलं उतरवायला आणि सासरे डोकावले तर डोक्यावर घ्यायला पदर एकच. गंजीफ्रॉकात एवढ्या सोयी कुठल्या? खरं तर मे महिन्यापुरती अकरावारी काढायला हरकत नव्हती.

सरकारनेही शेवटी लक्ष घातलं. १९५६च्या कायद्याने वार जाऊन मीटर आला, आणि नऊवारी एका फटक्यात सव्वाआठवर उतरली.