तुझं तू ठरव, पण…

आमच्या घरात मुलांना पूर्ण स्वातंत्र्य आहे. कुठलीही गोष्ट विचारा, घरातलं मोठं माणूस मोठ्या मनानं म्हणतं, "तुझं तू ठरव." मग आवंढा गिळण्याइतकी विश्रांती. आणि मग "पण". एकदा हा 'पण' आला की ठरवायचं काही शिल्लक राहत नाही.

दहावीची परीक्षा देऊन भाची पाथर्डीहून आमच्याकडे नगरला, सावेडीत आली, तेव्हा मामी तिला ड्रेस घ्यायला कापडबाजारात घेऊन गेली. पिशव्या धरायला मी. "तुला आवडेल तो घे," मामी म्हणाली. भाचीनं पांढरा उचलला. "घे की. पण तो मळखाऊ नाही." मग पिवळा. "छान आहे, पण तुझ्या रंगाला…" शेवटी विटकरी रंगाचा ड्रेस घेऊन आम्ही बाहेर पडलो. घरी आल्यावर मामीनं आजीला सांगितलं, "तिनंच पसंत केला हो!" भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्यांकडे पाहिलं.

गंमत अशी, की याच मुलीनं महिन्या-दीड महिन्यात अकरावीचा फॉर्म भरायचा होता. २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झालेत आणि एका फॉर्मात दहापर्यंत महाविद्यालयं पसंतीक्रमानं भरता येतात. जिला पंधरा वर्षांत एक ड्रेस मनासारखा घेता आला नाही, तिच्याकडून सरकार दहा पसंत्या मागतं! पोहायला कधी पाण्यात सोडायचं नाही आणि सोळाव्या वर्षी एकदम मुळा धरणात ढकलायचं, असला प्रकार. २०१६ साली शासनानं दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली होती. कल्पना चांगली होती, फक्त माणसं चुकली. चाचणी आई-बापांची घ्यायला हवी होती, कारण प्रवेश त्यांच्या कलानं होतो.

मला हे बोलायचा अधिकार नाही, हेही कबूल करतो. माझ्या दहावीनंतर मी कॉमर्स घेतलं. का, असं कुणी विचारलं की मी आकड्यांच्या आवडीबद्दल चार वाक्यं बोलतो. खरं कारण एवढंच, की सायन्सच्या खिडकीसमोर रांग फार लांब होती आणि ज्याच्या सायकलवर डबलसीट आलो होतो तो मित्र कॉमर्सच्या रांगेत उभा राहिला. नोकरी, लग्न, सावेडीतला ब्लॉक, सगळं त्या सायकलच्या कॅरियरवरून सुरू झालं. असा माणूस आता भाचीला 'विचारपूर्वक निर्णय कसा घ्यावा' ते शिकवणार होता.

सुरुवात देवदर्शनानं केली. एका रविवारी तिला नेवाशाला नेलं. ज्ञानेश्वर मंदिरातला तो पैस खांब दाखवला. याला टेकून माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. भाचीनं बोटांवर मोजलं. रूढ हिशोबानं माऊलींचा जन्म १२७५ चा. "म्हणजे माझ्याएवढेच की!" ती म्हणाली आणि खांबाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

मी मनात म्हटलं, आज एखाद्या पंधरा वर्षांच्या पोरानं जेवताना जाहीर केलं, की मी गीतेवर मराठीत टीका लिहिणार आहे, तर काय होईल? "लिही की, पण आधी संस्कृत घे, शंभरापैकी शंभर पडतात." "पण बारावी होऊ दे." "पण कुणाच्या नादानं हे सुचलं?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतिहासात आहे. थोरल्या भावाच्या नादानं. निवृत्तिनाथ दोनच वर्षांनी मोठे, आणि तेच गुरू. सतरा वर्षांच्या पोरानं पंधरा वर्षांच्या पोराला कामाला लावलं. आई-वडील हयात नव्हते, गावानं वाळीत टाकलेलं. आसपास 'पण' म्हणणारी माणसं पुष्कळ असतील, पण तो ऐकून घ्यावा असं जवळचं कुणी उरलेलं नव्हतं.

परतताना ती गाडीत गप्प होती. मला वाटलं, परिणाम झाला. ती म्हणाली, "मामा, भूक लागली." भेळ खायची की मिसळ, ते मीच ठरवलं. सवय.

दुसरा धडा हिवरे बाजारचा. नगरपासून जेमतेम अर्ध्या तासाचं गाव. एके काळी दुष्काळानं आणि दारूनं पार मोडलेलं. १९८९ साली गावच्या तरुणांनी एम.कॉम. झालेल्या, क्रिकेटचा नाद असलेल्या पोपटराव पवारांना सरपंच केलं, पुढे गाव कसं सावरलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातला एकच भाग भाचीला दाखवायचा होता, तो म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की गाव पडलेला पाऊस मोजतं, माणसांना नि जनावरांना प्यायला किती लागेल ते बाजूला काढतं आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवतं. पाऊस कमी, तर पिकं कमी. ऊस आणि केळी नाहीतच. शेतीसाठी बोअर नाही. शेजारच्यानं लावला म्हणून मीही लावतो, ही आपली पिढीजात शेतीपद्धत तिथे चालत नाही.

"म्हणजे आधी आहे किती ते बघायचं," भाची म्हणाली, "मग काय पाहिजे ते."

"बरोबर."

"आपल्याकडे ड्रेस घेताना उलटं करतात."

ती ड्रेस विसरली नव्हती.

मग मी मामीशी बोलून एक धाडस केलं. आठवड्याच्या भाजीचे पाचशे रुपये भाचीच्या हातात दिले आणि सांगितलं, "काय आणायचं ते तुझं तू ठरव." पुढचा शब्द जिभेवर आला होता, तो चहाबरोबर गिळला. जीभ भाजली.

पहिल्या बाजारात ती कोथिंबीर घेऊन आली. दहा रुपयांना दोन जुड्या, म्हणून पंधरा जुड्या. आजीनं तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच विनवलं. आजीनं ते मिटलं. आमच्या घरातली ही ऐतिहासिक घटना आहे, पण तिचा शके कुणी नोंदवला नाही. तीन दिवस आम्ही कोथिंबिरीच्या वड्या, कोथिंबिरीचा झुणका आणि नुसतीच कोथिंबीर खाल्ली. चौथ्या दिवशी भाची स्वतःच म्हणाली, "स्वस्त होती, पण लागत नव्हती." तिच्या तोंडून आलेला हा पहिला 'पण'. स्वतःच्या अनुभवातून निघालेला असल्यामुळे त्याला चव होती. कोथिंबिरीची असेल. पुढच्या बाजारात तिनं तीन गाळ्यांवर भाव विचारले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून आणले.

त्याच वहीत भाव लिहिता लिहिता एका संध्याकाळी ती तिच्या वर्गातल्या मैत्रिणीबद्दल बोलायला लागली. मैत्रिणीचे आई-वडील दसरा झाला की कारखान्यावर ऊस तोडायला जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दरवर्षी बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं जातात. तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणजे घरातल्या पोराचं लग्न लावलं की एक कोयता वाढतो, आणि पोरगी उजवली की मागे घरी तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोर मिटतो. कायद्यात मुलीच्या लग्नाला अठरा वर्षं लिहिलेली आहेत, पण उचलीचा हिशोब कायद्याच्या पुस्तकात बसत नाही. त्या मैत्रिणीला कुणी 'तुझं तू ठरव' एवढंही म्हणणार नव्हतं. तिच्या वाट्याला थेट 'पण'च.

माझी गंमत तिथे संपली. मग मला जामखेड आठवलं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपं १९७० मध्ये तिथे दवाखाना काढायला आलं. लोकांना विचारलं तर लोकांनी औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं. दोघं डॉक्टर ते ऐकून आधी विहिरींच्या मागे लागले. पुढे त्यांनी गावातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, आणि आता त्यांच्याच प्रकल्पात वयात येणाऱ्या मुलींचे गट चालतात. पाळी, आहार, शिक्षण, लग्नाचं वय, सगळं मोकळेपणी बोललं जातं. मुलांचेही गट आहेत, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलगी 'मला अजून शिकायचंय' म्हणाली, तरी ते ऐकणारा भाऊही कुणीतरी तयार करायला हवाच ना.

भाचीनं मैत्रिणीला फोन लावला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. म्हणजे दार बंद होतं.

निकाल लागला. फॉर्म भरायचा दिवस आला. भाची वही घेऊन बसली. मागच्या पानावर कोथिंबिरीच्या भावाखाली महाविद्यालयांची नावं, एसटीच्या वेळा, फी, कुठे प्रयोगशाळा चांगली, कुठे मैत्रिणी जास्त. मैत्रिणींच्या रकान्यावर तिनं काट मारली होती आणि मग काट खोडून पुन्हा बरोबरची खूण केली होती. तिनं सगळं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय करू?"

"तुझं तू ठरव," मी म्हणालो.

ती थांबली. आजी देवघरातून कान देऊन होती. मामी भाजी चिरता चिरता थांबली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"पुढं म्हणा ना मामा," भाची म्हणाली. "तुम्ही 'पण' म्हणाला नाहीत की भीती वाटते."