त्यांना गाडीतलं कळतं

सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं की कर्जाच्या आधी एका माणसाची सोय बघावी लागते. ‘त्यांना गाडीतलं कळतं’ अशी ज्यांची ख्याती असते, ते. प्रत्येक सोसायटीत असे एक जाणकार असतातच. त्यांना कधीपासून कळायला लागलं, हे विचारायची पद्धत नाही. ऐन खंबाटकी घाटात बंद पडलेल्या पद्मिनीचा कार्बुरेटर त्यांनी वहिनींच्या केसांतल्या आकड्याने साफ केला होता, एवढा दाखला पुरतो.

जाणकार गाडीला थेट भिडत नाहीत. आधी लांबून, मान तिरकी करून बघतात. मग टायरला लाथ. लाथेने नेमकं काय कळतं ते मला ठाऊक नाही, पण विकणाऱ्याचा चेहरा उतरतो हे खरं. त्याच टायरच्या कडेला चार आकडे उमटवलेले असतात. २३१७ म्हणजे टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जाणकार ते वाचतात आणि ‘मॉडेल नंबर’ म्हणून सोडून देतात. नंतर दार धाडकन लावून बघतात. “आवाज ऐकलात? पत्रा आहे पत्रा!”

पोराला ताप आहे का बघावं तसा ते बॉनेटवर हात ठेवतात. बॉनेट गरम. “इंजिन तयार आहे!” खरं तर शंका तिथेच यायला हवी. थंड इंजिन पहिल्या सेल्फला किती कुरकुरतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे आपल्याला दिसू नये म्हणून कोणीतरी आधीच गाडी चालू करून ठेवलेली असू शकते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. आत अत्तराचा घमघमाट. “मालक टापटीप दिसतो.” शिवाय डॉक्टरांची गाडी, पुणे पासिंग आणि नंबरची बेरीज नऊ! यापुढे तपासायला उरतंच काय?

आमच्याकडच्या एका खरेदीत मात्र घरातल्या मुलीने परस्पर पैसे भरून तपासणीस बोलावला. पंचविशीतला पोरगा, पाठीवर सॅक. “काय शिकलास बाळा?” जाणकारांनी सलामी दिली. “काका, जरा बाजूला होता का?” म्हणत त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावरून फिरवलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. डाव्या दारावर आकडा हजाराला टेकला. जाणकारांनी दाद दिली होती ती पत्र्याला नव्हे, पुट्टीला. पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, तर आत नोंदलेले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळेनात. मग त्याने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढे २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. पुरात बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. काही धुऊन, वाळवून, अत्तर मारून लांबच्या गिऱ्हाइकाला खपवल्या जातात.

“मला वास आलाच होता,” जाणकार म्हणाले.

अशा तपासणीला हजार-दोन हजार पडतात. गाडीला चार लाख मोजणाऱ्याला तेवढेच जड होतात, कारण जाणकार फुकट येतात. फार तर एक मिसळ आणि दोन चहा. त्यांनी स्वतः आयुष्यात एकही जुनी गाडी घेतलेली नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हेही ते बघत नाहीत. ‘डॉक्टर कशाला कर्ज काढतील?’

तरीही जाणकारांना घरी ठेवून जाऊ नका. घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नाही. एरवी नुसत्या लाथेवर दहा हजार उतरवतात. आधी तपासणी करून घ्या, तोवर टोकनचा रुपयाही देऊ नका, आणि रिपोर्ट आला की तो त्यांच्या हातात ठेवून तुम्ही गप्प बसा.