दोनशे वडापाव

विधानसभेची निवडणूक लढवलेल्या कुठल्याही उमेदवाराचा खर्चाचा हिशेब एक रुपया भरून कुणालाही पाहता येतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतच तसं लिहून ठेवलंय. एका रुपयात हल्ली, दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर ठेवतो ती गोळी येते. तेवढ्याच पैशात अस्सल मराठी विनोदी वाङ्मय सरकारदरबारी पडून असताना लोक पाचशेची तिकिटं काढून नाटकाला का जातात, कळत नाही.

आमच्या हाती आलेली वही एका कार्यसम्राटांची. नाव सांगत नाही; तुमच्याकडच्यांचं घाला, मजकूर बदलावा लागणार नाही. रोजच्या खर्चाला पांढरी पानं, रोखीला गुलाबी, बँकेला पिवळी. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नावाला नाही. दोन आठवड्यांचा प्रचार, गावोगावच्या बैठका, पदयात्रा, दुचाकी फेरी आणि शेवटी महासभा. या सगळ्या रामरगाड्यात खाण्याच्या पदार्थाची नोंद एकच: ‘वडापाव, नग २००’.

दोनशे. एकशे नव्याण्णव नाही की दोनशे एक नाही. महासभेला कार्यसम्राटांच्याच पत्रकाप्रमाणे पन्नास हजारांचा जनसागर उसळला होता. म्हणजे अडीचशे माणसांत एक वडापाव. जनसागर सोडा, पत्रकातला सागर नेहमीच गुडघाभर असतो. खर्चावर नजर ठेवणाऱ्या पथकाने चित्रीकरणातून मोजल्या त्या खुर्च्या धरू, दोन हजार. तरी दहा जणांत एक वडापाव पडतो. आता दहा जणांत एक वडापाव वाटून दाखवा. पावाचा वरचा पापुद्रा एकाला, खालचा दुसऱ्याला, वड्याचे पाच भाग पाच जणांना, सुकी चटणी आठव्याला, नवव्याला तळलेली मिरची आणि दहाव्याला ज्या कागदात तो बांधून आला तो तेलकट कागद, ज्यावर कार्यसम्राटांचंच हसतमुख छायाचित्र. आणि हे फक्त महासभेपुरतं. दोनशे नग आख्ख्या प्रचाराचे आहेत, हे विसरू नका. म्हणजे अर्ज भरायच्या दिवशीचा वडा पोरांनी पुरवून पुरवून सांगतेपर्यंत नेला असणार. द्रौपदीच्या थाळीला निदान भाजीचं एक पान चिकटलेलं होतं. इथे तेही नाही. तरीसुद्धा निकालाच्या दिवशी गुलालात नाचणाऱ्या एकाही कार्यकर्त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण लागत नव्हतं. ही पोटं उपासाने सुटली असतील तर आयुर्वेदाने त्याची दखल घ्यायला हवी.

आता जरा गणित. आपल्याकडे आमदारकीच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा चाळीस लाख. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात साडेनऊ कोटींहून अधिक मतदार आणि जागा २८८. एका जागेमागे साधारण सव्वातीन लाखांच्या वर मतदार. भागाकार करा: माणशी बारा रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. बारा रुपयांत वडा येईल, पाव येणार नाही. आणि याच बारा रुपयांत मंडप, ध्वनिक्षेपक, गाड्या, डिझेल, ढोलताशा, उपरणी, पत्रकं आणि ड्रोनवरून झालेली पुष्पवृष्टी भागवायची. घर चालवणाऱ्या बायकांनी या मंडळींकडे शिकवणी लावावी.

त्यातही बहुतेक विजयी वीर ही मर्यादासुद्धा गाठत नाहीत. त्यांचा हिशेब तिच्या बराच खाली थांबतो. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा अठ्ठावीस लाखांवरून चाळीस लाखांवर नेली, कारण महागाई वाढली आणि मतदारही वाढले. म्हणजे ज्यांना अठ्ठावीस लाख खर्च करता येत नव्हते त्यांनाच ते कमी पडत होते. ताटातलं अर्धं टाकून उठणारा पाहुणा ‘ताट जरा मोठं ठेवत जा’ म्हणतो, तसलाच हा प्रकार.

हा चमत्कार कार्यसम्राटांनी एकट्याने केलेला नाही. त्यांना वडापाव मोजायला वेळ कुठला? यामागे शिकलीसवरलेली माणसं आहेत. पहिला मान सीएसाहेबांचा. आपण खर्च मांडतो आणि मग बेरीज करतो. सीएसाहेब आधी बेरीज मांडतात आणि मग तिच्या मापाचा खर्च शिवतात. ज्या परीक्षेत भलेभले गटांगळ्या खातात ती पास होऊन, गळ्यात टाय बांधून, हा गृहस्थ दोनशे वडापावांचं पक्कं बिल जीएसटी क्रमांकासह फाइलला लावतो. मग नोटरी. कोर्टाच्या आवारात, रंगीत छत्रीखाली, खुर्चीच्या दांडीला शिक्का लटकवलेला. ‘वर लिहिलेलं सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे’ या वाक्याखाली तो शिक्का इतक्या जोरात आपटतो की, आतलं खोटं दचकून बाहेर पडावं. पण पडत नाही. मग तपासणी. प्रचारात किमान तीन वेळा ही वही तपासली जाते. तपासतात काय? पान कोरं राहिलं का, सही राहिली का, बिलावर तारीख आहे का. दोनशे वडापावांवर एवढी माणसं जगली कशी, हा प्रश्न विचारायला तपासणीच्या तक्त्यात रकाना नाही. शेवटचा मान आमच्या जातभाईंचा. ‘विकासाची गंगा दारी’ या मथळ्याखाली अर्ध्या पानाची बातमी छापायची, तिचं पॅकेज रोखीत घ्यायचं आणि वहीत तिचा पत्ता नसला की सुटलो म्हणायचं, हा आमचा स्वच्छ पत्रकारितेचा वाटा.

एवढंही झेपलं नाही तर पक्ष आहेच. उमेदवाराला मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ साली न्यायालयाने म्हटलं होतं की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरला पाहिजे. महिन्याच्या आत वटहुकूम निघाला आणि ते कलमच बदललं. गावाकडच्या रस्त्यावरचा खड्डा बुजवायला तीन पावसाळे लागतात. हा खड्डा महिन्यात बुजला.

आणि आता मला हसू येईनासं झालंय, कारण प्रचाराच्या याच दिवसांत नाक्यावर काय चालतं ते सांगायला हवं. हमरस्त्यावर बॅरिकेड, तंबू, कॅमेरा, वहीवाला जमादार. बाजार समितीतून कांदा विकून परतणारा शेतकरी टेम्पोत. खिशात सत्तर हजार. पन्नास हजारांच्या वर रोख सापडली की कागद दाखवा. त्याच्याकडे आडत्याची पट्टी आहे, पण ती पावसात भिजलेली, आकडा पसरलेला. ‘हा एक आहे का सात?’ जमादार पट्टी उन्हात धरून विचारतो. शेतकरी म्हणतो, साहेब, सात आहे, एक असता तर मी घरी तोंड दाखवलं नसतं. चालत नाही. पंच बोलावले जातात, नोटा कॅमेऱ्यापुढे मोजल्या जातात, खाकी पाकीट, दोरा, लाख, सही, अंगठा. आणि हे चालू असताना बॅरिकेडच्या पलीकडच्या मार्गिकेवरून काळ्या काचांच्या सात गाड्या भोंगा वाजवत निघून जातात, आणि त्याच जमादाराचा हात पट्टी सोडून आपोआप कपाळाशी जातो. कांद्याच्या पैशाला तपासणी, काळ्या काचांना सलाम. दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात मथळा: ‘नाकाबंदीत संशयास्पद रोकड जप्त, पोलिसांची धडक कारवाई’. ती धडक कुणाला बसली, हे छापायला जागा नव्हती. तिथे विकासाची गंगा वाहत होती.

अहो, आम्ही नोकरदार माणसं. वर्षाचं घरभाडं लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर करसवलत विसरा. आधारवर ‘सुरेशराव’ आणि बँकेत ‘सुरेश’ असेल तर तो ‘राव’ मीच आहे, हे शंभराच्या नव्हे आता पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्यावं लागतं. पेन्शनर म्हातारी दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला रिक्षा करून जाते, आणि अंगठा उमटला नाही तर उद्या पुन्हा जिवंत होऊन या म्हणतात. या देशात खरं बोलणाऱ्याला पुरावा लागतो. खोटं बोलणाऱ्याला फक्त नमुना बरोबर भरावा लागतो.

आणि शिक्षा? निवडणुकीचा हिशेब न ठेवण्याबद्दल इंग्रजांनी १९२० साली कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड घातला होता. तेव्हा पाचशे रुपये म्हणजे खरोखरची रक्कम होती. स्वातंत्र्य आलं, राज्यं आली, सरकारं गेली, दंड पाचशेच. अखेर २०२४ च्या जुलैत नवी न्याय संहिता लागू झाली आणि एकशे चार वर्षांनी तो वाढवला. किती? पाच हजार. त्याच संहितेत मतदाराला लाच दिल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद आहे, पण लाच खाण्यापिण्याच्या रूपात दिली असेल तर नुसता दंड. पाकिटातून दिली तर तुरुंगाची भीती, पातेल्यातून दिली तर नाही. पातेली एवढी का उकळतात, याचं उत्तर पाककलेत शोधू नका.

पातेल्यावरून अण्णा आठवले. गावाबाहेर त्यांचा ढाबा. या निवडणुकीचा एकमेव खरा हिशेब त्यांच्या लाल वहीत आहे, कारण त्यांना पैसे मिळालेले नाहीत. हिरवं कुपन मटण, पिवळं कुपन चिकन, पांढरं अंडाकरी, तारीखवार, वॉर्डवार. ‘मागची आळी, ४२ ताटं, रस्सा दोनदा मागितला.’ ‘युवक आघाडी, ६० ताटं, ग्लास ११ फुटले.’ सांगतेच्या रात्रीच्या नोंदीला तर पानं पुरली नाहीत, पुठ्ठ्यावर लिहिलंय. एकूण येणं चार लाख ऐंशी हजार. निकालानंतर अण्णा वही घेऊन सीएसाहेबांकडे गेले.

“अण्णा, तुमचं नाव आमच्या हिशेबात कुठेच नाही हो.”

“नाही कसं? पोरं पंधरा दिवस माझ्याकडंच जेवली की!”

“पोरांनी वडापाव खाल्लेत. दोनशे. शपथपत्र आहे तसं.”

अण्णा तिथून चौकीत गेले. फौजदारसाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, वही चाळली आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, “तक्रार घेतो की. पण मतदारांना मटण कुणी घातलं, अण्णा? तुम्हीच ना? मग पहिलं नाव तुमचंच घालावं लागेल.” अण्णा वही मिटायला लागले, तेवढ्यात साहेबांची नजर एका ओळीवर थांबली: ‘नाक्यावरचे साहेब लोक, ८ ताटं, स्पेशल.’ त्याच्याखाली ‘सीए ऑफिस, पार्सल ५’. त्याच्याखाली ‘पत्रकार परिषद, २२ ताटं, सोबत सोलकढी’. साहेबांनी वही स्वतःच्या हाताने मिटली आणि म्हणाले, “जपून ठेवा. असली वही कुणाला दाखवत फिरू नये.”

निकाल लागल्यापासून तीस दिवसांत हा हिशेब शपथपत्रासह द्यायचा, असा कायदा आहे. म्हणजे आमदार झाल्यावर माणसाच्या हातून होणारं जवळजवळ पहिलं सरकारी काम म्हणजे खोट्याखाली सही. सभागृहात संविधानाला स्मरून एक शपथ घ्यायची आणि त्याच महिन्यात वडापावाला स्मरून दुसरी. ज्याला पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलं, तो पुढची पाच वर्षं कुणाला घाबरेल? सीएला? नोटरीला? जमादाराला? ते सगळे त्याच्याच पंक्तीला जेवून उठलेत.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. खर्च तपासायला बाहेरच्या राज्यातून निरीक्षक आणायचे, त्यांना विश्रामगृह, गाडी, शिपाई द्यायचा आणि त्यांनी गुलाबी पानावरच्या सह्या मोजायच्या, हे बंद करा. प्रत्येक मतदारसंघात एक अण्णा आहेच. खर्च निरीक्षक म्हणून त्यांना नेमा. भत्ता नको, गाडी नको, मानपत्र तर नकोच नको. फक्त आधी त्यांची मागची उधारी चुकती करा.