फिर्यादी सरकार, रडायला आपण

नोटा छापण्याचा सरकारी कारखाना नाशिकरोडला १९२८ पासून आहे. तिथेसुद्धा एका नोटेच्या तीन करून देत नाहीत. एवढी माहिती घरबसल्या असूनही आमचं शहर दर काही वर्षांनी कुणाच्या तरी गुळगुळीत ऑफिसबाहेर रांग लावतं. आधी पैसे भरायला, मग पावती हातात घेऊन पैसे मागायला. दोन्ही रांगांत माणसं तीच असतात, फक्त चहा देणारा गायब झालेला असतो.

२०१४ मध्ये केबीसी मल्टिट्रेड या कंपनीचं प्रकरण झालं. संचालक भाऊसाहेब चव्हाण सपत्नीक पळाले सिंगापूरला. दोघांना अटक झाली ती २०१६ मध्ये, मुंबई विमानतळावर. त्याच वर्षी मैत्रेय या दुसऱ्या कंपनीवर नाशिकात गुन्हा दाखल झाला. कंपनी वसई-विरारकडची, पण पावत्यांचे गठ्ठे घरोघरी आमच्याकडे. त्या प्रकरणात नाशिकच्या न्यायालयानं एस्क्रो खातं उघडायला लावलं आणि काही लोकांच्या हातात खरोखर पैसे पडले. बातमी आली तेव्हा शहर चोर पकडला म्हणून खूश झालं नाही. पैसे परत मिळू शकतात, याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ चा आहे. पोलीस ठाण्यापासून पानटपरीपर्यंत त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात, आणि ‘एमपीआयडी लागला’ हे वाक्य आमच्याकडे ‘पाऊस लागला’ इतक्या सहज येतं. शिक्षा सहा वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. कोट्यवधी बुडवणाऱ्याला लाखाचा दंड म्हणजे पार्किंगची पावतीच. या कायद्यानं ठेवीदाराला वाचवण्याआधी स्वतःला वाचवण्यात बरीच वर्षं घालवली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं तो घटनाबाह्य ठरवला, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. मग एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचं प्रकरण आलं. ५,६०० कोटी रुपये जुलै २०१३ मध्ये अडकले आणि ही ‘वित्तीय संस्था’ आहे का, ही ‘ठेव’ आहे का, याचं अंतिम उत्तर आलं एप्रिल २०२२ मध्ये. उत्तर होतं, आहे. तेवढ्या काळात पहिलीतलं पोर दहावीला बसतं.

माझं खरं भांडण मात्र उशिराशी नाही, ठेवीदाराच्या हाती काहीच नाही याच्याशी आहे. मालमत्ता सरकार जप्त करणार. सांभाळणार सक्षम प्राधिकारी, म्हणजे उपजिल्हाधिकारी किंवा त्याच्या वरचा अधिकारी. गारपिटीचे पंचनामे, निवडणूक, सिंहस्थाच्या जमिनी हे सगळं उरकून वेळ मिळाला तर तो तुमच्या फायलीकडे बघणार. लिलाव न्यायालयाच्या हुकमानं, वाटप न्यायालयाच्या हुकमानं. आणि एमपीआयडीचं कलम ६ सांगतं की या विषयात नियुक्त न्यायालयाखेरीज दुसऱ्या कोणत्याही न्यायालयाला अधिकार नाही. खटल्याच्या कागदावर नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. ज्याचा पैसा गेला तो कुठे? साक्षीदारांच्या यादीत, बऱ्याच खाली.

शेअर बाजाराकडे वळावं, तिथे सेबी आहे, असं शिकलेली मंडळी सांगतात. आहेच. सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करा, ऑनलाइन तंटा मिटवण्याची सोय २०२३ पासून आहे, नोंदणी असलेल्या दलालाविरुद्ध तिचा उपयोगही होतो. पण सेबी कायद्याचं कलम १५-वाय दिवाणी न्यायालयाचं दार ओढून घेतं आणि कलम १५-जेए सांगतं की दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाईल. चोरी तुमच्या घरात झाली, चोराला दंड झाला आणि पैसे गेले नगरपालिकेच्या तिजोरीत. दिल्लीच्या भाषेत याला गुंतवणूकदार संरक्षण म्हणतात. गैरमार्गानं कमावलेला नफा वसूल झाला तर तो वेगळ्या निधीत जातो, हे खरं. आपल्याला त्यातलं काय आणि कधी मिळणार, ते पुन्हा दुसराच कुणी ठरवणार.

ब्रिटनच्या वित्तीय सेवा कायद्यात मात्र कलम १३८-डी आहे. संस्थेनं नियामकाचे नियम मोडले आणि त्यात साध्या माणसाचं नुकसान झालं, तर तो त्या संस्थेवर स्वतः दावा लावू शकतो. नियामक झोपलेला असो की जागा. ठरावीक नियमांपुरतंच आहे, पण आहे. आपण ब्रिटिशांकडून रेल्वे, क्रिकेट आणि १८७२ चा करार कायदा घेतला, हे एक कलम मात्र घेतलं नाही. आपल्याकडे ग्राहक आयोगात जावं तर समोरचा वकील म्हणतो, हा नफ्यासाठी आला होता, ग्राहक कसला. व्याज म्हणजे जणू पापच. आणि पतसंस्थेत ठेव असेल तर ठेव विम्याचे पाच लाखही विसरा, तो विमा बँकांपुरता आहे.

माझी मागणी छोटी आहे. एमपीआयडी राहू द्या, जप्ती सरकारच करू दे. पण ठेवीदाराला त्या खटल्यात पक्षकार म्हणून उभं राहू द्या, जप्तीच्या यादीत काय आलं आणि काय सुटलं हे विचारू द्या. कुणाची जमीन कुणाच्या साडूच्या नावावर गेली हे प्रांत कार्यालयापेक्षा बुडालेल्या माणसाला जास्त पक्कं ठाऊक असतं. तो रात्री झोपत नाही, सातबारे काढत बसतो.

एक रस्ता आजही उघडा आहे, त्याच्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. एमपीआयडीची जप्ती कंपनी, प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक, सभासद यांच्यापर्यंत पोचते. कमिशन खाऊन तुमचा फॉर्म भरून घेणारा एजंट त्या यादीत नाही. त्याच्यावर खोटं सांगून पैसे भरायला लावल्याचा दिवाणी दावा लावता येतो, फसवणूक उघड झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. वकील तयार असतो, कागद तयार असतात. वकील फक्त विचारतो, नोटीस कुणाच्या नावानं काढायची? मग ठेवीदार घसा खाकरतो, बायकोकडे बघतो. बायको म्हणते, “माझ्या भावाला नोटीस पाठवलीत तर बघा.”