मावशीला सांग, पोरगी अडाणी निघाली

फॉयरबाख, स्टुटगार्ट
२२ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांस,


परवा फोनवर तू "बरं बरं" म्हणून एकदम गॅसवाल्याचा विषय काढलास, तेव्हाच मला कळलं की माझी नोकरी तुझ्या पचनी पडलेली नाही. मग चिंटूने फोडलं. आजी त्याला विचारत होती म्हणे, डोंबिवलीच्या मावशीला काय सांगायचं? एम.कॉम. झालेली, सी.ए.च्या ऑफिसात लोकांचे ताळेबंद जुळवून देणारी पोरगी जर्मनीत जाऊन पाव विकते, हे मावशीच्या कानावर सकाळी गेलं तर संध्याकाळच्या आत बदलापूरपर्यंत पोचणार. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि तू मध्ये बोलू नयेस.

मावशीला सांग की पाव विकते हे खरंच आहे. पण त्याहून वाईट बातमी अशी की अख्ख्या दुकानात तुझी लेक एकटीच अडाणी आहे. थट्टा नाही करत. इथे बेकरीच्या काउंटरमागे उभं राहण्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दुकानात काम करायचं, मधूनमधून शाळेत जायचं, शेवटी परीक्षा. मालकांनी तर त्याच्याही पुढची 'माइस्टर'ची परीक्षा दिलीय आणि ते प्रमाणपत्र, आपल्याकडे दुकानात लक्ष्मीची तसबीर टांगतात, त्या जागी टांगलंय. मालकीणबाई शिकलेल्या, काउंटरवरच्या थोरल्या बाई शिकलेल्या, आणि एक अठरा वर्षांची पोर सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी एम.कॉम.ची सनद मालकीणबाईंनी चष्मा लावून नीट पाहिली, परत दिली आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही, आम्ही शिकवू."

शिकवण्याचं काम त्या अठरा वर्षांच्या पोरीकडे आहे. ती कानात तीन-तीन बाळ्या घालते आणि मला राईच्या पिठावरून झापते. (राई म्हणजे फोडणीतली नव्हे, बाबा. इथलं एक धान्य आहे, गव्हाच्या जातीतलं.) ज्या ब्रेडमध्ये राईचं पीठ निदान ९० टक्के, त्यालाच राईब्रेड म्हणायचं. निम्म्याहून जास्त पण ९० च्या आत असेल तर राईमिश्र. गहू निम्म्याहून जास्त असेल तर गहूमिश्र. गिऱ्हाइकाने विचारलं आणि आपण नुसतंच "हो हो, छान आहे" म्हटलं की ही पोर माझ्याकडे असं बघते, जसं मी ताळेबंदात नफ्याच्या रकान्यात तोटा लिहिलाय. या देशात ब्रेडचे तीन हजारांहून जास्त प्रकार नोंदलेले आहेत. आमच्याकडे त्यातले वीसेक असतात, ही देवाची कृपा.

कामावर घेण्याआधी आरोग्य खात्याचं एक प्रमाणपत्र लागतं. खाण्याचे पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने ते सक्तीचं आहे. मला वाटलं रक्त-लघवी तपासतील. तसलं काही नाही. एक व्हिडिओ दाखवतात आणि लिहून घेतात की जुलाब झाले, उलट्या झाल्या, हाताला पिकलेली जखम झाली, तर मी लगेच सांगेन आणि कामावर येणार नाही. म्हणजे तुझ्या लेकीकडे आता सरकारी कागद आहे की पोट बिघडल्यावर घरी बसावं हे तिला समजतं. हे मावशीला सांगू नकोस.

भाषेचं म्हणशील तर पुण्याला क्लास लावून जे जर्मन शिकले, ते बातम्या ऐकायला फार उपयोगी पडतं. दुकानात पडत नाही, कारण इथली माणसं श्वाबिश बोलतात. प्रत्येक गोष्टीला लाडाने 'ले' लावायचा. छोट्या गोल पावाला पुस्तकात 'ब्रोय्टशन' म्हणतात, इथे ते 'वेक्ले'. त्यात सकाळी सहाला अर्धवट झोपेतली माणसं, तोंडातल्या तोंडात बोलणार. पहिले काही दिवस मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता बोटाकडेच बघत होते. बोट कधी खोटं बोलत नाही. फक्त ते "ती नको, तिच्या मागची" असं काचेपलीकडून दाखवतात, तेव्हा मागे तीन रांगा असतात.

आता ब्रेझेल. तुला फोटो पाठवला होता, हाताची घडी घातल्यासारखा तो खारा पाव. तू विचारलं होतंस, एवढा तपकिरी चकचकीत रंग कसा येतो, अंड्याचा हात लावतात का? नाही. भाजायच्या आधी तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. हो, तोच, बाबा मोरीचा पाइप तुंबला की ओततात तो. घाबरू नकोस. द्रावण अगदी सौम्य असतं, साधारण चार टक्क्यांच्या आतबाहेर, आणि भट्टीत गेल्यावर त्याचा दाहकपणा मरतो. मालक मात्र हातमोजे आणि चष्मा घालून हे करतात. मी एकदा मागच्या खोलीच्या दारात उभी राहून पाहिलं. पिठाची लांब वळी घेतली, दोन्ही टोकं बोटांत धरून हवेत एक झटका दिला आणि पाटावर पडेपर्यंत तिची घडी झालेली. डोळा लवायच्या आत. मग मधल्या जाड भागावर ब्लेडने एक आडवी चीर. ही चीर म्हणजे श्वाबेनची खूण. बव्हेरियाची ब्रेझेल चिरत नाहीत, ती भाजताना आपली आपण फुटते, आणि त्यावर इथल्या माणसाचं मत विचारू नये, रांग अडते. आमच्या ब्रेझेलचे हात बारीक आणि कडक हवेत, पोट जाड आणि मऊ. दंतकथा अशी की जवळच्या उराख गावच्या एका बेकरवर तिथल्या सरदाराची खप्पा मर्जी झाली, तेव्हा जीव वाचवायला त्याने असा पाव केला ज्यातून सूर्य तीनदा दिसतो. मालक हे सांगताना ब्रेझेल डोळ्यासमोर धरतात. बाहेर पाऊस असला तरी.

एक आजोबा रोज दार उघडल्या उघडल्या येतात. दोन वेक्ले आणि एक ब्रेझेल, तीही फिकट भाजलेली. मी भारतातली कळल्यावर म्हणाले, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून बहिणी-बहिणी आहेत, तेव्हा आपण नातेवाईकच. जुळ्या शहरांचा करार आहे तसा. मी म्हटलं, मुंबई नव्हे, नाशिक. तिथे काय पिकतं? द्राक्षं. त्यावर आजोबांनी पावाची पिशवी खाली ठेवली आणि खिडकीतून आमच्या मागची लेम्बर्ग टेकडी दाखवली. तिच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत, शहराच्या हद्दीत. तेव्हापासून ते मला हवामान विचारतात, इथलं नव्हे, नाशकाचं. तर बाबा, अवकाळी पाऊस झाला की लगेच कळवत जा. मला दुकानात उत्तर द्यावं लागतं.

बाबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे पावती. २०२० सालापासून इथे कायदाच आहे, एक पाव विकला तरी यंत्रातून पावती निघालीच पाहिजे. ती घ्यायची सक्ती गिऱ्हाइकावर नाही, द्यायची सक्ती दुकानावर. म्हणून दुपारपर्यंत काउंटरखालची टोपली पावत्यांनी भरते. करही असेच. मी लागले तेव्हा तोच पाव घरी नेला तर ७ टक्के आणि दुकानातल्या टेबलावर बसून खाल्ला तर १९. मी ते घोकून घोकून पाठ केलं आणि १ जानेवारीपासून सरकारने बसून खाणंही ७ वर आणलं. कॉफी अजून १९ वरच आहे. त्यातही दूध तीन चतुर्थांश असलेली कॉफी बरोबर नेली तर ७. एका पेल्यात दूध किती यावर कर ठरतो, हे ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. दुकानात या एका विषयावर मला कोणी अडाणी म्हणत नाही.

पगार ताशी १३.९० युरो, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान. माझं काम 'मिनीजॉब' प्रकारातलं, महिन्याला ६०३ युरोच्या आत. बाबा, गुणाकार थांबवा. भाडंही युरोतच जातं.

मालकीणबाई चांगल्या आहेत पण कौतुक म्हणून शब्द नाही. सुरुवातीला मी फार खट्टू झाले. मग तुमच्या जावयांनी ऑफिसात चौकशी करून आणली की श्वाबेनमध्ये म्हणच आहे, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. ऐकून मला बाबांची आठवण झाली. प्रगतीपुस्तकावर सही करून परत दिलं की ते खूश आहेत असं आम्ही समजायचो.

अजून काय? आज रविवार. इथे रविवारी सगळं बंद, बेकरीला तीन तास मुभा. त्या तीन तासांत गावातलं प्रत्येक माणूस अंगाला सेंट लावून पावासाठी रांगेत उभं असतं. उरलेला माल दुसऱ्या दिवशी निम्म्या किमतीत लावतात, त्यातूनही उरलं तर आम्हाला मिळतं. घरात ब्रेझेलचा डोंगर झाला. शेवटी मी त्याचा कुस्करा करून मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून कांदा अशी फोडणी दिली, अगदी आपल्या फोडणीच्या पोळीसारखी. मीठ घालावं लागत नाही, ते वरच असतं. डबा दुकानात नेला. मालकांनी वास घेतला, भुवया वर केल्या, एक घास खाल्ला, मग दुसरा, मग डबा घेऊन भट्टीकडे गेले. हिंग त्यांना सोसेल असं मला वाटलं नव्हतं. पण शिळ्या पावाचं इथल्यांना वावडं नाही. सफरचंदं घालून त्याची गोड खीरवडी करतात, 'ओफनश्लुप्फर' म्हणतात. तिची पाककृती मालकीणबाईंनी लिहून दिली आणि फोडणीची मागितली. मी लिहिली, फक्त हिंगाचं प्रमाण 'चिमूटभर' लिहिलं तर त्यांनी विचारलं, किती ग्रॅम?

आई, सदूकाका एप्रिलमध्ये येतील तेव्हा त्यांच्याकडे हिंगाच्या दोन डब्या दे, खड्याच्या नको, पुडीच्या. एक माझी, एक दुकानाची. आणि तुझ्या हाताचा चिमटीचा अंदाज एकदा बाबांच्या सोन्याच्या काट्यावर तोलून आकडा कळव. खरंच हवाय. मालकीणबाईंनी कागदात जागा मोकळी सोडलीय.

आता साडेआठ वाजले, मला झोपायला हवं. उद्या पहाटे साडेपाचला दुकान. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
छोटी

ता. क. सोबत आजची एक पावती पाठवतेय. एक वेक्ले, रोख. बाबा, कर बरोबर लागलाय का तेवढं बघा.