कशावर घालणार?

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी काकू अशा असतात, की त्यांच्या अंगावर या क्षणी नेमके किती कपडे आहेत हे त्यांच्या यजमानांनाही सांगता येत नाही. आत सुती कुर्ता. त्यावर हाताने विणलेला, पुढून उघडा, बिनबाह्यांचा हाफ स्वेटर. त्यावर गुडघ्यापर्यंत येणारं, एकही बटण नसलेलं असं काहीतरी, ज्याला सोसायटीतल्या मुली श्रग म्हणतात आणि काका ‘ते लांबडं’ म्हणतात. गळ्यात जाळीचा स्टोल. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत गोल सुईवर लोंबकळणारा पुढचा थर.

या काकू बहुधा बँकेतून निवृत्त झालेल्या असतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी विणलं. भाचरांची टोपरी झाली, मोजे झाले, यजमानांचे व्ही गळ्याचे, मळखाऊ रंगाचे स्वेटर झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, ‘आता फक्त माझ्यासाठी.’ काकांनी पेपर खाली न करता मान डोलावली. त्यांच्याकडे स्वेटर पुष्कळ होते.

काकूंकडे कुणी हौसेनं मोबाइलवरचं चित्र घेऊन आलं, की संवाद असा होतो.

‘काकू, मला अस्सा स्वेटर विणायचाय.’

‘छान आहे. कशावर घालणार?’

‘कशावर म्हणजे? अंगावर.’

‘अंगावर सगळेच घालतात गं. आत काय?’

इथे भल्याभल्यांची बोबडी वळते. काकूंचं म्हणणं असं, की घरोघरी माळ्यावरच्या बॅगेत डांबराच्या गोळ्यांसोबत झोपलेले स्वेटर विणणारीच्या हातात खोट होती म्हणून तिथे गेलेले नाहीत. माणूस नमुन्याच्या प्रेमात पडतो, वेण्या बघतो, रंग बघतो आणि स्वतःचं कपाट मात्र उघडून बघत नाही. ज्या बाईकडे बारा सैल बाह्यांचे कुर्ते आहेत तिनं घट्ट बाहीचा स्वेटर विणला, तर तो घालताना कुर्त्याची बाही कोपरापाशी गोळा होणार आणि पुढचा सगळा दिवस ती खाली ओढण्यात जाणार. म्हणून आतला थर बारीक लोकरीचा आणि अंगाबरोबर, वरचा थर छातीला आठ-दहा सेंटीमीटर ऐसपैस. लांबी एक तर कमरेपर्यंत, नाही तर थेट गुडघ्यापर्यंत. मधली लांबी काकूंना मान्य नाही. त्या विषयावर चर्चाही होत नाही.

बाही रॅग्लनच हवी. म्हणजे गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी उतरणारी, खांद्यावर शिवण नसलेली. तीन थर एकावर एक चढले तरी खांद्यावर ढीग होत नाही. ज्या लॉर्ड रॅग्लनच्या नावानं ती ओळखली जाते, त्याचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. ‘एक हात असलेल्या माणसाच्या नावावर दोन्ही बाह्या धड बसतात,’ काकू म्हणतात, ‘आणि आमच्या टेलरला दोन्ही हात आहेत.’

आता कुणी विचारेल, पुण्यात एवढं लोकरीचं काम कशाला? हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. इमारतीचं नाव सिमला ऑफिस पडलं, चौकाचंही पडलं, थंडी मात्र तिकडेच राहिली. तरी १९३५ च्या जानेवारीत इथलं तापमान १.७ अंशांवर उतरलं होतं, आणि काकू हा आकडा घरच्या वाढदिवसासारखा लक्षात ठेवून असतात. खरा मुद्दा त्या आकड्याचा नाहीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, ही इथली रीत. एकच जाडजूड स्वेटर घालणारा माणूस सकाळी सुखात असतो आणि अकरा वाजता तो कमरेला बांधून फिरतो. काकू सकाळी पर्वती चढताना चार थरांत असतात, उतरताना दोन. उरलेले दोन काकांच्या हातात. काकांना बरोबर नेण्याचं कारण व्यायाम असल्याचं सांगण्यात येतं.

शिकायला येणाऱ्या मुलींचा धीर सुटतो तो नमुन्यापाशी. काकू आधी दहा सेंटीमीटरचा चौकोन विणायला लावतात, तो धुवायला लावतात, वाळवायला लावतात आणि मगच टाके मोजतात. मुलीला वाटतं, म्हातारी वेळ काढतेय. मग बँकेतला आवाज लागतो. ‘पुस्तकात दहा सेंटीमीटरला बावीस टाके. शंभर सेंटीमीटर घेराला किती? दोनशेवीस. तुझा हात सैल, तुझे येतात वीस. त्याच दोनशेवीस टाक्यांत घेर झाला एकशेदहा. आत कुणाला घेणार आहेस?’

एका भाचीनं मोबाइलवर चार मिलिमीटरची सुई वाचली आणि दुकानात जाऊन ‘चार नंबर’ मागितली. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत नंबर वाढला की सुई बारीक होते. चार मिलिमीटर म्हणजे आठ नंबर. चार नंबर निघाली सहा मिलिमीटरची. बारीक लोकर, जाड सुई. श्रगऐवजी मच्छरदाणी झाली. काकूंनी ती शांतपणे उसवली, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, धुतली, खाली वजन टांगून सरळ केली आणि भाचीच्या हातात परत ठेवली. रागावल्या नाहीत. उसवण्याचं दुःख करणाऱ्यानं सुया हातात घेऊ नयेत, असं त्यांचं मत आहे.

सवाई गंधर्व महोत्सव हा काकूंचा खरा सण. डिसेंबर, उघडं मैदान, मांडव. दुपारी बसताना उकडतं आणि रात्री उठताना दात वाजतात. गाण्यागणिक एकेक थर चढत जातो. विलंबितात ओळ संथ चालते, द्रुत सुरू झाली की सुयाही पळतात. तानेला दाद द्यायला हात मोकळा नसतो, म्हणून त्या मानेनं देतात. मध्यंतरात कुणीतरी स्टोल चिमटीत धरून म्हणतंच, ‘तिबेटी लोकांकडे असे निम्म्या किमतीत मिळतात हो.’ काकू हसतात. ‘मिळतात ना! जरूर घ्या. कशावर घालणार?’

त्यांच्या आयुष्यात एकच मोठी दुर्घटना घडली, तीही अमेरिकेत. तिकडे घर गरम, रस्ता गोठलेला. थरांची खरी गरज तिथेच, म्हणून त्यांनी जावयाला अस्सल लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर पाठवला. जावयानं तो गरम पाण्यात, मशिनमध्ये फिरवला आणि वर ड्रायरमध्ये टाकला. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. स्वेटर पाच वर्षांच्या नातवाला छान बसला. जावयाला तेव्हापासून दर दिवाळीला सुती रुमाल जातात.

तर अशा काकू तुमच्या सोसायटीत असल्या आणि काही विणून घ्यायचा विचार असेल, तर मजुरी विचारू नका, त्यांना राग येतो. आपल्याला नीट बसणारा एक जुना कुर्ता मापाला न्या. ‘कशावर घालणार’चं उत्तर जिन्यातच ठरवून ठेवा. लोकर आपली आपण न्या, थोडी जास्तच न्या, आणि घेताना प्रत्येक लेबलावरचा लॉट नंबर तपासा. दोन लॉटचे रंग दुकानातल्या दिव्याखाली सारखे दिसतात, पण उन्हात दिसत नाहीत. आणि काकू कपडा उन्हात नेऊन बघतात.