सुरीनिवड : गृहस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शन

लिंबू चिरणे, दुधाची पिशवी फोडणे, कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी सोडवणे ही कामे वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांसाठी लागणारी लहान सुरी घेताना बहुतेक कुटुंबे जो उतावीळपणा दाखवतात तो चिंताजनक आहे. फ्रीज घेण्यापूर्वी सगळी बाजारपेठ पालथी घालणारा गृहस्थ सुरी मात्र जत्रेत, प्लास्टिकच्या चाळणीसोबत, ‘हीपण टाका’ म्हणून घेऊन येतो. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

ज्यांच्या घरी विळी अजून नांदते आहे त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. पाते जागेवर पक्के, पाटावर पाय, दोन्ही हात भाजीला मोकळे आणि टोकाला खोबऱ्यासाठी खवणी, इतकी सोय एका वस्तूत पुन्हा कोणी केलेली नाही. अडचण एवढीच, की विळीसाठी खाली बसावे लागते. ओटा आला, माणसे उभी राहिली, गुडघ्यांनी त्यास अनुमोदन दिले आणि सुरीचा प्रश्न निर्माण झाला.

सर्वप्रथम, मिटणारा चाकू घेऊ नये. तो खिशात मावतो असे त्याचे कौतुक होते; परंतु खिशातून चाकू काढून काकडी सोलणाऱ्या माणसाकडे पाहुणे वेगळ्या नजरेने पाहतात. शिवाय पेरूच्या बिया आणि कांद्याचा रस त्याच्या सांध्यात मुक्कामाला जातात आणि पुढच्या सफरचंदाला भेटतात. सांधा सैल झाला की पाते बोटांवर मिटते ते वेगळेच. रामपुरीची ख्याती कितीही असो, तिचा कोथिंबिरीशी संबंध नाही.

पाते 3 ते साडेतीन इंच असावे. याहून मोठ्याचा मोह प्रामुख्याने पुरुषांना होतो. ऑनलाइन दुकानांत पाठीला करवतीचे दात, मुठीला गुंडाळलेली दोरी आणि पात्यावर दमास्कस पोलादासारखी लाटालाटांची नक्षी (स्वस्तात मिळत असेल तर बहुधा लेसरने काढलेली) असा ऐवज मिळतो. वर्णनात जंगल आणि आणीबाणी यांचा आवर्जून उल्लेख असतो. सोसायटीतली आणीबाणी म्हणजे टँकर न येणे. तिथे सुरी चालत नाही, चालवू नये. कायद्याकडेही लक्ष असावे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांत शस्त्रांच्या यादीत जाते; घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेले तेवढे वगळले आहे. आपला खंजीर भेंडीसाठी घेतला आहे हे चौकीत पटवून देण्याची वेळ स्वतःवर आणू नये.

आता पोलाद. साधी लोखंडी सुरी धार झकास घेते, पण लिंबू चिरून तशीच ओली ठेवली की काळवंडते आणि पुढे गंजते. ज्या घरात सुरी धुऊन लगेच पुसणारा एकही सदस्य नाही, म्हणजे जवळपास सर्वच घरांत, स्टेनलेस बरे. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असते. त्याचा ऑक्साइडचा पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंजाला अडवतो. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातू तपासत होता, त्यातून हे पोलाद हाती आले. सुऱ्या-काट्यांना ते उपयोगी पडेल असे त्याला वाटले. त्या गावचे सुरीकार मात्र त्याची थट्टा करत, की याने न कापणाऱ्या सुरीचा शोध लावला. पुढे पोलाद सुधारले. थट्टेतला मूळ माल मात्र आपल्याकडच्या खणांत अजून जपून ठेवलेला आढळतो.

मूठ निवडताना पात्याचा दांडा मुठीत शेवटपर्यंत गेला आहे का ते पाहावे, नाहीतर पाते एक दिवस भोपळ्यात राहते आणि मूठ हातात. प्लास्टिकच्या मुठीची सुरी घेतल्यास ती गॅसपाशी कोण ठेवणार हे आधीच ठरवून घ्यावे. मुठीचा एक कोपरा वितळलेली सुरी नाही असे घर शोधून सापडायचे नाही आणि ती कोणी ठेवली होती याचा छडा आजवर कोणत्याही घरात लागलेला नाही.

दुकानदार कागद कापून दाखवतो. त्याला भुलू नये. घरून एक पिकलेला टोमॅटो न्यावा. चांगली सुरी टोमॅटोवर ठेवून नुसती मागे ओढली की साल उकलते. बोथट सुरी आधी सालीवरून घसरते, मग माणूस जोर लावतो, टोमॅटो चपटा होतो, साल एकदम फुटते आणि बिया सदऱ्यावर येतात. बोटही याच वेळी कापले जाते. ‘धार नको, मुलं आहेत घरात’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

शे-दोनशे रुपयांत उत्तम सुरी मिळते. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, त्यामुळे महागडी घ्यायचे कारण नाही. पैसे धारेसाठी राखावेत. सायकलचे पेडल मारत ठिणग्या उडवणारा धारवाला आता क्वचित दिसतो. तो नसेल तर चिनी मातीच्या कपाचे बूड पाहावे. तळाशी झिलई नसलेली खरखरीत कड असते. तिच्यावर 15 ते 20 अंशांत पाते हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी ओढावे. कप पाहुण्यांच्या संचातला नसावा. आणि एवढे करून तीच सुरी स्टीलच्या ताटात किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर चालवणाऱ्यास धारेबद्दल तक्रार करण्याचा हक्क राहत नाही. लाकडी पाट घ्यावा.

ग्रहणात सुरी न वापरण्याबाबत घरातील ज्येष्ठांचा निर्णय अंतिम राहील. खंडेनवमीला तिला झेंडूचे फूल वाहावे. त्या निमित्ताने ती वर्षातून एकदा धुऊन-पुसून निघते.

शेवटी, एक नव्हे तर दोन सुऱ्या घ्याव्यात. सुरी घरात आली की तिने स्क्रू पिळणे, रंगाच्या डब्याचे झाकण उचकटणे, अडकलेला खण उघडणे ही कामे करावीत अशी सर्वांची अपेक्षा असते. त्यासाठी टोक तुटलेली जुनी सुरी ओट्यावर दर्शनी भागात ठेवावी. नवी डाळीच्या डब्यामागे ठेवावी आणि जागा कोणालाही, विशेषतः घरातल्या हौशी मेकॅनिकला, सांगू नये.